डाव्या बाजूचं सील

गॅरेजच्या शटरला अकरा पोचे होते आणि ते सगळे आतून पडलेले. पान्यांचे, सॉकेटचे, एक तर अख्ख्या सायलेन्सरचा. मेकॅनिकला लोक भडक्या म्हणत, तेही पाठीमागे, कारण समोर म्हणणाऱ्याचे दात जागेवर राहतील याची खात्री नव्हती. राग नाकावर आणि हात त्याच्याही पुढे. अडलेला बोल्ट तो शिवी दिल्याशिवाय सोडवत नसे आणि आडव्या आलेल्या माणसाला नुसत्या शिवीवर सोडत नसे.

माया म्हणावी तर एकाच माणसावर, धाकट्या भावावर. आईवडील गेल्यावर यानेच त्याला वाढवलं आणि वाढवता वाढवता कणकेसारखं तिंबलंही. धाकटा वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल मातीच्या शर्यतींत पळवायचा. चाळीस वर्षांचं ते धूड तापायला लागलं, तेव्हा घरातलं सगळंच बिघडलं.

पहिल्यांदा ते चढावर जाम झालं आणि धाकटा हँडलवरून उडून तोंडावर आपटला. भडक्याने इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, म्हणजे पोराने तेल घालताना हात आखडला, असा निकाल त्याने जागेवर दिला आणि ओठ फुटलेल्या भावाच्या कानाखाली वाजवली. पुढच्या वेळी तेल स्वतः ओतलं, दुप्पट. इंजिन जास्तच तापलं. मग त्याने आणखी ओतलं.

दुसऱ्यांदा पिस्टन भर वेगात चिकटला. धाकटा लंगडत गाडी ढकलत आला आणि सांगू लागला की रेस सोडली तरी इंजिन खाली उतरत नाही, आपोआप चढत राहतं. भडक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने फळीवरची चेन उचलली. पाठीवर, मांडीवर, मग डोकं वाचवायला वर केलेल्या उजव्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात ऐकू आला. चेन हिसकावताना तिचाही तळवा फाटला. हाताला फडकं गुंडाळून तीच दिराला दवाखान्यात घेऊन गेली.

भडक्या गाडीसमोर बसला. मारायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं. प्लग काढला. एवढं तेल पाजूनही टोक पांढरंफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. मग त्याला उमगलं. आत जाण्याची वाट तेवढीच, तिच्यातून तेल जितकं जास्त तितकं पेट्रोल कमी. इंजिन थंड करायच्या नावाखाली इतके दिवस तो ते भाजत होता.

पण मूळ दुखणं वेगळंच असणार. त्याने कार्बोरेटर उतरवला, तिथलं आणि सायलेन्सरकडचं तोंड रबराने बंद केलं, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाचं पाणी फासलं. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोच्या मागे, हवा अडवणाऱ्या डाव्या बाजूच्या रबरी सीलपाशी बुडबुडे फुटू लागले. चालत्या इंजिनात तिथूनच फुकटची हवा शिरत होती, म्हणून पेट्रोल कमी पडून ते तापत होतं आणि रेस सोडली तरी चढत होतं.

ते सील त्यानेच बसवलं होतं, इंजिन तापायला लागण्याच्या थोडं आधी. पाइपचा तुकडा ठेवून, चहूबाजूंनी सारखं दाबून ते बसवायचं असतं. त्या दिवशी पाइप सापडला नव्हता, डोकं फिरलं होतं आणि त्याने सरळ हातोडा घातला होता. कडेवर घावाची खूण स्पष्ट दिसत होती. भावाच्या माथी मारलेलं पाप त्याचं स्वतःचं होतं. तो हमसून हमसून रडला. घरात ते ऐकायलाही कोणी नव्हतं.

चार दिवसांनी धाकटा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून कपडे न्यायला आला. तो कायमचा मामाकडे निघाला होता. कपडे भरून निघताना भडक्याने त्याला दारातच गाठलं.

"तुझी चूक नव्हती. सील मी फोडलं, तेलही मीच जास्त घातलं. जाऊ नकोस."

धाकटा ऐकत राहिला. मग खांद्यावरची बॅग त्याने खाली ठेवली. भडक्याच्या जिवात जीव आला. बॅग आत न्यावी म्हणून त्याने झटकन हात पुढे केला.

धाकटा भिंतीला चिकटला. प्लास्टरचा हात त्याने तोंडासमोर धरला होता.

"बॅग घेत होतो रे," भडक्या म्हणाला.

"माहीत आहे, दादा," धाकटा म्हणाला. पण त्याचा हात काही खाली येईना. शेवटी आतून आलेल्या वहिनीनेच बॅग उचलली आणि ती त्याला बसपर्यंत सोडायला गेली.