भाऊजींचा रुंद ट्रॅक्टर

भाऊजी ट्रॅक्टरवर बसून कोणाशी बोलत नसत. समोरून माणूस आला की ते आधी इंजिन बंद करत, मग खाली उतरत आणि मगच 'काय म्हणता' म्हणत. समोरचा माणूस सरपंचच असायला हवा असं नाही. शेळ्या हाकत निघालेली म्हातारीही त्यांना पुरे. त्यामुळे शेतावरून घरी यायला त्यांना ट्रॅक्टरवरून जितका वेळ लागे तितका पायी लागला नसता. ताई यावरून त्यांना पुष्कळ बोलायची. भाऊजींचं उत्तर ठरलेलं: "वरून बोललं का समोरच्याले आपन साहेब वाटतो. साहेबाले कोनी खरं सांगते का?" खाली उतरलं की माणसं खरं सांगतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. माणसाला एखादी तरी अंधश्रद्धा असतेच.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं गाव लाखांदूरकडचं, एसटी सोडते तिथून पुढे तलावाच्या पारीने, म्हणजे बांधावरून, जायचं. मी भंडाऱ्यात नोकरीला. मेहुणा या नात्याने माझी चेष्टा करण्याचा त्यांना जन्मसिद्ध हक्क होता आणि तो त्यांनी कधी वाया घालवला नाही. मी गेलो की माझ्या पिशवीतलं पुस्तक उचलून त्याचं वजन बघत आणि साळ्याचा साळेसाहेब करून विचारत, "साळेसाहेब, एवढं वाचून काय ठरवलं मंग?" मी काहीच ठरवलेलं नसायचं. "बरं आहे," ते म्हणत, "आमचं बी तसंच आहे, पन आमी फुकटात करतो."

त्यांचा पहिला ट्रॅक्टर लहान होता. असा ट्रॅक्टर गावात आणणारे ते पहिलेच. लोक हसले, म्हणाले हे तर ट्रॅक्टरचं पिल्लू. भाऊजी म्हणाले, पिल्लू आहे म्हणूनच घरात येईल. तो घरात यायची गरज नव्हती, पण बांधीत जायची होती. आमच्याकडे धानाच्या एकेका खाचराला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा. तलावाखाली बांध्यांची रांग लागलेली असते, एकीतून दुसरीत पाणी उतरत जातं, आणि वाट अशी वेगळी नसतेच. आपल्या बांधीत जायचं तर दुसऱ्याच्या बांधीतून. भाऊजींची रस्त्यालगत एक एवढीशी बांधी होती. बाकी सगळं शेत रांगेच्या अगदी टोकाला.

म्हणून गावाने एक रीत ठेवली होती. चिखलणी शेवटच्या बांधीपासून सुरू करायची आणि मागे मागे येत रस्त्याला निघायचं. ट्रॅक्टर बाहेर पडेपर्यंत मधल्या कोणी रोवणी, म्हणजे धानाची लावणी, करायची नाही. एकदा रोवलं की वाट बंद, मग देवालाही पलीकडे जाता येत नाही. भाऊजी धुऱ्याला दोन सागवानी फळ्या लावत आणि त्यांचं पिल्लू त्यावरून बोकडासारखं चढून उतरे. धुरा शाबूत, त्यावर टोचलेली तूर शाबूत. आधी स्वतःचं शेत, मग परत येता येता सगळ्यांचं. बरीच वर्षं हे असं चाललं, आणि चाललेल्या गोष्टीचं कौतुक करायची आपल्याकडे पद्धत नाही.

मग ट्रॅक्टर थकला. मागची लिफ्ट नांगर उचलायला कुरकुरू लागली, स्टिअरिंग इतकं जड झालं की चिखलणीचा दिवस संपला की भाऊजींचा उजवा खांदा ताईला शेकावा लागे. नागपुरात नोकरी करणारा त्यांचा मुलगा प्रमोद दर सुटीला येऊन मोबाइलवर नवं मॉडेल दाखवू लागला. लहानच, पण जुन्यापेक्षा अंगाने भरलेलं. चारही चाकांना ताकद, एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग, मोबाइल चार्ज करायची सोय, पाण्याची बाटली ठेवायला खाच. भाऊजींनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "धानाले बी चार्जिंग लागते का आता?" पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की ते स्टिअरिंग खरंच एका बोटाने फिरत असेल तर अजून दहा वर्षं आपण कोणाच्या हाताकडे पाहणार नाही. खरा मुद्दा तेवढाच होता. ट्रॅक्टर घेतला नाही तर शेत दुसऱ्याच्या हाती द्यायचं, आणि शेत नसलेले भाऊजी ही कल्पना कोणाला, विशेषतः त्यांना, करवत नव्हती. पैशाची अडचण नव्हती. ती असती तर गोष्ट फार सोपी झाली असती.

शोरूममध्ये त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मागच्या एका टायरच्या बाहेरून दुसऱ्या टायरच्या बाहेरपर्यंत नव्या ट्रॅक्टरचं माप घेतलं. टाय लावलेला पोरगा 'सर, माहितीपत्रकात सगळं दिलेलं आहे' म्हणत मागेमागे फिरत होता आणि प्रमोद आपण यांच्यासोबत आलो नाही असा चेहरा करून बाहेर पाहत होता. दुपट्ट्याला गाठ मारून भाऊजी गावी परतले आणि धुऱ्याधुऱ्यावर ती लावून बघितली. चढायची जागा सगळीकडे कमी पडत होती. शिवाय नवं धूड जड. फळ्यांवर निभायचं नाही. म्हणजे दर हंगामात प्रत्येकाने आपला धुरा तेवढ्यापुरता फोडून द्यायला हवा आणि मागाहून बांधून घ्यायला हवा. ताई म्हणाली, जुनाच दुरुस्त करा. प्रमोद म्हणाला, त्याचे भाग मिळत नाहीत आता. भाऊजी म्हणाले, "लोकाइले इचारतो."

आणि इथेच ते चुकले. विचारलं हे चुकलं नाही; नारळ घेऊन विचारलं. नवं काही घ्यायचं तर रिकाम्या हाताने बोलायचं नाही, या शिस्तीत वाढलेला माणूस. नारळ आणि साखरेची पुडी घेऊन ते मधल्या प्रत्येकाच्या घरी गेले. आता आपल्याकडे हातात नारळ घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत. शुभ कामाला निघालेल्याला टोकू नये. त्यामुळे जो तो म्हणाला, "घ्या काका, खुशाल घ्या. धुऱ्याचं काय घेऊन बसले, फोडून देऊ." लगतच्या बांधीवाल्या देवाजीने तर, तुम्ही मोठा ट्रॅक्टर घ्या, आमच्या गावाची शान आहे, असंही सांगितलं. लोकांनी आशीर्वाद दिला होता. भाऊजींनी तो परवानगी म्हणून घेतला. घरी येऊन ते ताईला म्हणाले, "एकानं बी नाही म्हनलं नाही." मला वाटतं त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात आनंदाचं वाक्य असावं.

ट्रॅक्टर ताब्यात घ्यायच्या समारंभाला मीही होतो. भाऊजींना फेटा बांधला, दाराएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात दिली आणि खऱ्या किल्लीसाठी अर्धा तास थांबवलं. मॅनेजरने भाषण केलं की आजपासून आपण आमच्या परिवाराचे सदस्य झालात. भाऊजींनी फेटा सावरत अगदी आदराने विचारलं, "मंग तेरवीले येसान का?" मॅनेजर हसला, कारण हसण्याचा त्याला पगार होता. जुना ट्रॅक्टर बदल्यात तिथेच दिला. ताई तो ठेवून घ्या म्हणत होती. प्रमोद म्हणाला, दोन दोन ट्रॅक्टर कायले. निघताना भाऊजींनी जुन्याच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मग लगेच खिशात घातला, कोणी पाहू नये असा.

पाऊस लागला, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं रोवणीजोगी झाली, आणि भाऊजी नवा ट्रॅक्टर घेऊन तलावाच्या पारीवर उभे राहिले. पहिला धुरा त्यांचा स्वतःचाच, तो त्यांनी फोडला. दुसरा देवाजीचा. देवाजी धुऱ्यावर हात जोडून उभा होता. पुढचं संभाषण मला ताईने सांगितलं. ती शिदोरी घेऊन मागून आलेली होती.

"काका, आज नोको. कालच तूर टाकली जी धुऱ्यावर."

"अरे, तू तं फोडून देतो म्हनला होतास."

"म्हनलो होतो ना. नाही कोन म्हनते? पन तूर टाकली आता."

"मंग कवा जाऊ?"

"पाहू ना काका. दोन दिस पाहू."

त्याच्या पलीकडच्याचा धुरा यंदाच नवा घातला होता. त्याच्याही पलीकडच्याने, आधी देवाजीचं होऊ द्या, मग माझं आहेच, असं सांगितलं. कोणीही नाही म्हटलं नाही. दोन दिवसांचे आठ झाले, आणि तेवढ्यात शेजारच्या गावाचा एक लहान ट्रॅक्टर येऊन मधल्यांची चिखलणी करून गेला. दारात नवा ट्रॅक्टर असताना भाऊजींना त्याला हाक मारता आली नाही. लोकांनाही थांबवेना, पाणी थांबत नाही, पऱ्हे थांबत नाहीत. त्यांनी रोवलं. वाट बंद झाली. त्या वर्षी भाऊजींच्या चार चाकांच्या ताकदीने रस्त्यालगतची एवढीशी बांधी चिखलली, आणि टोकाचं सगळं शेत त्यांच्या हयातीत पहिल्यांदा रिकामं राहिलं.

यानंतर जे घडलं ते मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर लेखक अतिशयोक्ती करतो म्हणून बाजूला ठेवलं असतं. मधल्यांपैकी दोघे भाऊजींच्या दारात आले. त्यांचे पऱ्हे कमी पडले होते. काकांचे नुसते वाया जातील, त्यापेक्षा आम्हाला द्या, असं त्यांचं म्हणणं. भाऊजींनी दिले. स्वतः जाऊन उपटून, पेंढ्या बांधून दिले. ताईने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

मी पोळ्याला गेलो तेव्हा ट्रॅक्टर ताडपत्रीखाली होता आणि भाऊजी ओसरीत. माझ्या पुस्तकाचं वजन त्यांनी पाहिलं नाही. गावाबद्दल मीच चार कडक शब्द बोललो. ते मला सहज येतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राग कोनाचा करू, साळेसाहेब? देवाजीनं मांगं बोअरची गाडी न्यायसाठी वाट मागतली होती, आपल्या रस्त्याच्या बांधीतून. नारळ घेऊन आला होता. मी म्हनलो, ने ना. आन धुऱ्यावर तूर टाकून देली."

"काहून?" मी विचारलं.

"काहून म्हंजे? नाही म्हनता येत नोतं ना."

देवाजीची बोअर झाली नाही ती नाहीच. दोघांनी एकमेकांना कधी याबद्दल विचारलं नाही आणि दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगती वाढत राहिले. मला त्या क्षणी भाऊजींचा विलक्षण राग आला. गावाचा करावा तर गाव समोर नव्हतं, आणि समोर होतं ते गावच होतं.

त्यानंतर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. प्रमोदने नागपूरला चला म्हटलं, ते गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खाली उतरायला कारण नव्हतं. फोनवर ते मला म्हणत, इथे सगळं बरं आहे, पाणी चोवीस तास येतं. धानाचं विचारलं की ताईकडे फोन देत. दुसऱ्या उन्हाळ्यात ते छातीत दुखून गेले. कारध्याला वैनगंगेत राखड सोडली तेव्हा गावातून एक गाडी भरून माणसं आली होती. देवाजी लहान मुलासारखा रडला, आणि ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं.

टोकाची जमीन प्रमोदने एका वीटभट्टीवाल्याला विकली. कागदाच्या कामासाठी मागच्या उन्हाळ्यात त्याच्याबरोबर मी गावी गेलो. तलावाच्या पारीवरून पाहिलं तर रस्त्यापासून टोकापर्यंत सरळ वाट झाली होती. मधल्या सगळ्यांचे धुरे सपाट, आणि त्यावरून मातीचे टिप्पर समोरासमोर ये-जा करत होते. तुरीचा एक खुंट कुठे दिसत नव्हता.

देवाजी तिथेच झाडाखाली बसलेला होता. वाट कशी काय दिली, मी विचारलं.

"देली कुठं जी," तो म्हणाला. "एक दिस सकाळी जेसीबी घेऊन आला आन फोडून टाकलं. त्यानं कोनाले इचारलंच नाही."

त्याच्या आवाजात तक्रार असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. होता तो आदर.