बासष्ट किलोंची स्प्रिंग

जगातली सगळी दुःखं स्प्रिंग चुकीची बसल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. मुलांनो, मागच्या भेटीत ज्यांनी तुमच्या नव्या बुटांचे तळ दाबून पाहिले, ते हेच खालचे आजोबा. समोर येईल ती वस्तू ते आधी दाबतात आणि ती किती वेळात वर येते ते बघतात. पाव घेतानाही हेच, त्यामुळे पाववाला त्यांना लांबूनच पिशवी देतो. आमचा नवा सोफा आला तेव्हा चहा निवत ठेवून ते त्यावर तीनदा बसून उठले आणि म्हणाले, "वहिनी, हा माणसाला परत फेकतो." तेव्हापासून तुमचे आजोबा त्या सोफ्यावर जपून बसतात.

त्यांची मोटारसायकल त्यांनी जुनीच घेतली होती, आता ती फारच जुनी झाली आहे. खालच्या आजींचं माहेर निर्मळ गावचं, केळी आणि फुलांच्या वाडीतलं. लग्न झाल्यापासून तिथल्या दर जत्रेला त्या या गाडीच्या मागच्या सीटवर बसून माहेरी गेल्या. गेल्या वर्षी त्या बरेच महिने आजारी होत्या. बऱ्या झाल्यावर पहिल्यांदाच फिरायला निघाल्या आणि वाटेतल्या गास गावच्या रस्त्यावर एका खड्ड्याने त्यांची कंबर धरली. घरी येऊन त्यांनी शांतपणे सांगितलं, "यंदा मी जत्रेला रिक्षाने जाणार." खालच्या आजोबांना हे फार लागलं. जत्रेला महिनाच राहिला होता.

मग गाडी जिन्याखाली उघडी पडली. पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या फोर्कमधून निघालेलं तेल शिळ्या आमटीसारखं होतं. नवं तेल नेमकं मोजून घालायचं म्हणून ते माझा केकचा मापाचा कप मागायला आले. मी त्यावर 'फक्त गाडीसाठी' अशी चिठ्ठी चिकटवून तो त्यांना कायमचा देऊन टाकला. फोर्क किती दबतो हे कळावं म्हणून त्यांनी त्यावर फुलपुडीचं रबर चढवलं. मागे दोन नवे शॉकअप बसवले. त्यांच्या स्प्रिंगा खाचांवर कमी-जास्त घट्ट करता येतात, पण वजन जितकं जास्त तितक्या त्या घट्ट करायच्या, म्हणून आधी मागे बसणाऱ्याचं वजन हवं. आजी काही बसेनात. म्हणून त्यांनी तांदळाचं पोतं बरोबर बासष्ट किलोंचं भरून सीटवर बांधलं आणि रोज सकाळी त्याला गासपर्यंत फिरवून आणू लागले. वॉचमन विचारायचा, "काका, आज भी राशन?" आजी खिडकीतून म्हणायच्या, "अहो, त्याला विचारा, कंबर दुखते का." शेवटी एके दिवशी पोतं जराही हललं नाही, आणि आजी तयार झाल्या.

जत्रेच्या दिवशी दोघं निघाली. अर्ध्या तासात एक रिक्षा दारात येऊन थांबली, आत आजी, मागून मोटारसायकलवर आजोबा. आजी म्हणाल्या, "पोत्याला हाडं नसतात हो." आजोबा पायरीवर बसले. तांदळाला चाललं ते हिला का चालू नये, हे त्यांना उमगेना. बासष्ट हा आकडा आला कुठून, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी पाकिटातून वजनाचं तिकीट काढलं. वाटेतल्या स्टेशनवरच्या दिव्यांच्या मशीनवर, लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेहून परतताना आजींनी काढलेलं. अक्षरं पुसट झाली होती, आकडा तेवढा दिसत होता.

मला अंदाजाने केलेली कामं आवडत नाहीत. मी वर जाऊन आमचा वजनकाटा आणला. आजी उभ्या राहिल्या. काटा एकोणपन्नासवर थांबला.

आजोबांनी वाकून आकडा पुन्हा वाचला. "रोज समोर असते," ते म्हणाले, "मला दिसलंच नाही." आजी म्हणाल्या, "तुम्ही दाबून बघायला हवं होतं," आणि आम्ही तिघंही हसलो. आजोबांनी पाना घेऊन दोन्ही स्प्रिंगा दोन-दोन खाचा सैल केल्या. संध्याकाळी दोघं पुन्हा निघाली आणि थेट निर्मळला पोचली.

आता ती दोघं दर रविवारी माहेरच्या वाडीत जातात. परतताना हँडलला सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा आणि केळ्यांचा घड लटकलेला असतो. इतकी केळी दोघांना कशाला, असं मी परवा खालच्या आजोबांना विचारलं. त्यांनी आधी गाडीची सीट दाबून पाहिली. मग आजींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "एक तरी खाच परत घट्ट करायची आहे, वहिनी."