बोरीवरची अळी आणि शेवंता

शेवंता गेली तेव्हा मी नळावर होते. शेजारची पोरगी सांगायला आली, हॉस्पिटलातून फोन आलेला... मी हंडा भरून घेतला, मग निघाले. आमच्या ठाकुर्लीला पाणी गेलं की गेलं.

शेवंता माझी धाकटी जाऊ. दोघींचे नवरे लवकर गेले. मला दोन पोरं, तिला मूल नाही. मी ठाण्याला येऊरच्या जंगलाकडे रोपवाटिकेत कामाला जायचे, गावाहून तिलापण आणलं. दिवसभर पिशव्यांत माती भरायची, दुपारी बोरीखाली भाकरी. तिथंच तिला ती अळी दिसली. हिरवी, चपटी, अंगावर काळ्या मुंग्या.

"अगं, जिवंत खातायत तिला," म्हणून शेवंताने फुंकर मारून मुंग्या उडवल्या. आमची भाकरी संपायच्या आत गांधीलमाशी आली नि अळी उचलून घेऊन गेली. शेवंता बघतच राहिली. मग तिला नादच लागला. घास हातात, डोळे फांदीवर. मुंग्या मिशांनी अळीची पाठ थापटायच्या, बारीकसा थेंब यायचा, तो प्यायच्या. माशी आली की तिच्यावर धावून जायच्या. शेवंताने थेंबाला बोट लावून चाटलं.

"गोड आहे?"

"एवढ्याशाची काय चव कळते. पण मुंग्या उगाच नाही येत."

त्या अळीचंच पांढरं, काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं, शेपटीला दोऱ्यासारखं टोक, हे तिनेच कोष बघून बघून शोधलं.

तिचा भाऊ शहाडला, बरी नोकरी. एकदा आला नि माझ्यासमोरच तिला म्हणाला, "शेवंते, पोरं हिची नि पगार तुझा. राबवते तुला. चल माझ्याकडे."

खोटं नव्हतं. ती गेली असती तर माझ्या मोठ्याची शाळा सुटली असती. मी स्टोव्हला पंप मारत बसले.

शेवंता म्हणाली, "दादा, माझ्या अंगावरच्या मुंग्या झाडू नकोस." मग माशीचं सगळं सांगितलं. तो चहा न घेता गेला.

"मी मुंगी काय गं?" मी विचारलं.

"मुंगीच. चावरी. गावात एकटी होते तेव्हा रात्रीची कडी वाजवायचे लोक. इथे वाजते का?"

ती शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली. परवा तिच्या पुण्यानुमोदनाला दादा आलेला, काठी टेकत. म्हणाला, "अक्का, तुम्ही सांभाळलंत तिला."

मी हो म्हटलं नाही. शेवंता यायच्या आधी माझीपण कडी वाजायची. ती आली, दाराशी चटई टाकून झोपायला लागली, नि कडी वाजायची थांबली. हे तिला सांगायचं राहून गेलं... चटई अजून दाराशीच आहे. मी वळसा घालून जाते.