शालूताई आणि पडद्यावरचा पराग

शालूताईला तुमच्याकडे नीट बघायचं असलं की ती तोंड फिरवायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई शिष्ट आहे, नाहीतर आपल्या मागे कुणीतरी उभं आहे. आमच्या दूधवाल्याने तर एकदा खरंच मागे वळून पाहिलं. "अरे भिया, तुझ्याशीच बोलून राहिले मी," ती म्हणाली, "उधर कोई नहीं है." तो बिचारा दूध मापायचं सोडून बघतच राहिला.

झालं होतं असं, की तिच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. वयाचा डाग. सरळ बघावं तिथेच काळा गोळा, आणि कडेचं मात्र बऱ्यापैकी दिसायचं. तुमचा चेहरा बघायचा तर तिने तुमच्या कानाच्याही पलीकडे बघायचं, मग तुम्ही कुठे तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आत येणार. मला तिने हे समजावलं ते तिच्याच पद्धतीने. "मंदे, आमचे सासरचे संस्थानच्या पागेतले. सासरे सांगायचे, घोड्याच्या अगदी नाकासमोर उभं राहू नये, त्याला तिथलं दिसत नाही. बाजूने जावं. तर मी आता घोडा झालेय असं समज." आणि स्वतःच मोठ्याने हसली. मला काही हसू आलं नाही.

इंदूरला आमची दारं समोरासमोर. ती माझ्याहून मोठी, म्हणून ताई, पण हाक मारायची ती मात्र अगदी शाळेतल्यासारखी. शाळेतलीच होती म्हणा. परदेशीपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई. मिलमधल्या कामगारांच्या पोरी, घरी लहान भावंडं सांभाळून वाकलेल्या, त्यांना ही मैदानात उभं करून ओरडायची, "गर्दन ऊपर! नजर सामने!" निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी बाजारात एखादी नातवंडंवाली बाई हिला बघून आपोआप ताठ व्हायची. मी पाहिलंय हो. भाजीची पिशवी हातात आणि बाई सावधान.

अशा बाईची नजर समोरून गेली. आणि तिने ते पोटच्या पोराला सांगितलं नव्हतं.

पराग तिचा एकुलता एक. नेदरलँडला असतो, बायको आणि लहान मुलगी घेऊन. त्याचे बाबा गेले तेव्हा त्याला वेळेवर पोचता आलं नाही. फोनवर तो रडत म्हणाला, "आई, मी निघतो." ही म्हणाली, "आता येऊन काय करणार? सगळं आटोपलं." तिच्या मनात काही नव्हतं. ती बोलायचीच तशी, शिट्टी मारल्यासारखी. पण पोराच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. तो नंतर येऊन गेला, सगळं रीतसर केलं, पण माय-लेकांत काहीतरी अवघडलं ते अवघडलंच. मग डोळ्यांचं सुरू झालं. मी म्हणायची, "सांग ना त्याला." तर म्हणे, "सांगितलं की तो नोकरी टाकून येईल, नाहीतर मला उचलून तिकडे नेऊन बसवेल. मला दोन्ही नको. आणि तू बोललीस तर तुझं-माझं संपलं." आता हे असं म्हटल्यावर मी काय बोलणार?

त्याला ती एवढंच म्हणाली, की लॅपटॉपवर तू फार बारीक दिसतोस. झालं, त्याने मोठा मॉनिटर पाठवून दिला. खिडकीएवढा. लॅपटॉप परागचाच, कॉलेजातला जुना. जोडणाऱ्या आम्ही दोघी. माझं म्हणाल तर मी कॉम्प्युटर शिकले ती चुका करकरून. मला कुणी शिकवलेलं नाही, आणि ते दिसतंच. केबल जोडली, बटण दाबलं, तर पडदा काळाच. वर लिहून आलं, सिग्नल नाही.

"बघ," शालूताई म्हणाली, "यालाही माझंच दुखणं."

परागला फोन लावला. तो म्हणाला, "काकू, मॉनिटरच्या मागे एकसारखी दोन भोकं असतील. तुम्ही एकात केबल लावलीय आणि तो दुसऱ्याकडे वाट बघतोय. सोर्सचं बटण दाबा." दाबलं, तरी काही नाही. शेवटी केबलच खराब निघाली. रिक्षाने राजवाड्याकडे जाऊन दुसरी आणली. दुकानदार म्हणाला, "आंटीजी, लंबी वाली ले जाओ, काम आएगी." ती लांब घेतली ते बरंच झालं, ते पुढे येईलच.

नवी केबल लावल्यावर मॉनिटरवर उजेड आला, पण नुसतं डोंगराचं चित्र. ना फाइली, ना फोटो, ना व्हिडिओ कॉलचं बटण. मी ओरडलेच, "शालूताई, सगळं पुसलं गेलं गं!" तर फोनवर पराग हसायला लागला. "काकू, काही पुसलं नाही. दोन्ही पडदे एकाशेजारी एक झालेत. सगळं सामान लॅपटॉपवर आहे, हा मोठा म्हणजे नुसता रिकामा ओटा. विंडोजचं बटण आणि पी दाबा. मग डुप्लिकेट."

"डुप्लिकेट नको," शालूताई मागून म्हणाली. "मला असली पराग पाहिजे."

मग आला एकदाचा. पण केवढा आला! गाल पसरलेले, खांदे दारात मावणार नाहीत असे. शालूताईने मान फिरवली, कोपऱ्यातून त्याला न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाली, "जाडा झालास रे. सूनबाई चांगलं खायला घालतेय." तो म्हणाला, "आई, रेझोल्यूशन चुकलंय, मी ताणला गेलोय." मला त्याने एकेक पायरी सांगितली, सेटिंगमध्ये जा, खाली या, ज्याच्यापुढे शिफारस असं लिहिलंय तो आकडा निवडा. निवडला तसा पराग पुन्हा होता तसा झाला. मूळचाच काडी. ती हळूच मला म्हणाली, "जाडाच बरा होता."

इथवर सगळं हसण्यावारी. मोठ्या पडद्याने तिला सुखही दिलं. चेहरा एवढा मोठा, की तो काळा गोळा त्याला पुरा पडायचा नाही. काही ना काही उरायचंच. कधी कपाळ, कधी हनुवटी. ती मान फिरवून फिरवून तुकड्या-तुकड्याने पोरगा गोळा करायची.

पण तिकडे परागला दिसायचा तो फक्त तिचा गाल.

"आई, माझ्याकडे बघ ना," तो म्हणायचा. "बघतेय की," ही म्हणायची. त्याने विचार केला, चूक जागेची आहे. कॅमेरा लॅपटॉपवर, लॅपटॉप बाजूला, आणि आई बघते मॉनिटरकडे, म्हणून असं होतंय. "काकू, लॅपटॉप मॉनिटरच्या मागे उंचावर ठेवा, म्हणजे कॅमेरा मधोमध येईल." मग आम्ही टेबलावर पोह्यांचा डबा, त्यावर बेसनाचा, त्यावर पाट, आणि त्यावर लॅपटॉप चढवला. लांब केबल होती म्हणून पुरली. शालूताई म्हणाली, "गौरीसुद्धा एवढ्या उंच बसवत नाही आपण." कॅमेरा आता मॉनिटरच्या अगदी डोक्यावर आला. कॉल लागला. आणि ती आपली खिडकीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी परागचा मला वेगळा फोन आला. आवाज पार बसलेला. "मंदाकाकू, कॅमेरा तर आता समोर आहे. मी सगळं तपासलं. तरी आई दुसरीकडेच बघते. तिला माझं तोंड बघायचं नाही का हो? बाबांच्या वेळचा राग आहे ना हा?"

मी म्हणाले, "नाही रे बाळा, असं काही नाही." पण पुढे काय म्हणणार? तोंड बांधलेलं. फोन ठेवला आणि तशीच समोर गेले. तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, आता तू बोल, नाहीतर मी बोलते. ती कणीक मळत होती. मळणं थांबलं नाही. गोळा झाला, तेलाचा हात फिरवला, झाकण ठेवलं, आणि म्हणाली, "कॅमेरा नेमका कुठे आहे? माझं बोट धरून ठेव त्याच्यावर."

मी तिचं बोट धरून त्या बारक्या भोकाशी नेलं. तिने ते चाचपलं, खुर्ची मागे-पुढे केली, पाठ ताठ केली. संध्याकाळी कॉल लागल्यावर ती समोर बघून बसली. मान वर, नजर सामने. पापणीसुद्धा हलू देत नव्हती. पडद्यावर परागचा सगळा चेहरा उजळला. "आई! आज बघितलंस एकदाचं माझ्याकडे."

"मग? कुणाकडे बघणार?" ती म्हणाली.

मी कडेला, कॅमेऱ्यात न येणाऱ्या स्टुलावर बसले होते. मला दोघंही दिसत होती. तो पोटभर बोलत होता, आणि हिच्यापुढे काळा गोळा, खाली फार तर एक पुसट कड. त्याला आपली नजर द्यायची म्हणून तिने त्याचा चेहरा सोडून दिला होता.

त्यानंतर रोज तसंच. कॉल संपला की ती माझ्याकडे वळायची. "हं, सांग. काय घातलं होतं?" "निळा शर्ट." "दाढी?" "केलेली." "थकलेला होता?" "नाही गं, छान होता." मी जे दिसेल ते सांगायची. एक मात्र गाळायची. त्याचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, ते मी तिला कधी सांगितलं नाही. म्हटलं, आईला काळेच असू देत.

"मंदे, तू डोळे चांगले देतेस," ती एकदा म्हणाली, "पण तुझं वर्णन म्हणजे स्थळाच्या माहितीसारखं. सगळं उत्तमच."

असं चाललं संक्रांतीपर्यंत. त्या दिवशी तिने गुळाची पोळी कॅमेऱ्यापुढे धरून दाखवली, नातीने तिकडून हात पुढे केला, सगळी हसली. मग नात खेळायला गेली आणि पराग एकटाच उरला. म्हणाला, "आई, एक विचारू? हल्ली तू सरळ बघतेस माझ्याकडे. फार बरं वाटतं. तुझा राग गेला ना?"

शालूताई तशीच ताठ बसलेली. "कसला राग?"

"बाबांच्या वेळी मी आलो नाही, तो. इतके दिवस तू तोंड फिरवून बसायचीस. आता माफ केलंस ना?"

तिने सावकाश मान वळवली, खिडकीकडे.

"आई, परत?"

"थांब. आज मला बघू दे," ती म्हणाली. "राग नव्हताच रे कधी. मला समोरचं दिसत नाही. असं तिरकं बघितलं तरच तू दिसतोस. तेव्हा मी तुलाच बघत होते. आता सरळ बघते ते तुझ्यासाठी, आंधळ्यासारखी."

मग पराग म्हणाला, "आणि मी तुला सांगत होतो, इकडे बघ." त्याने खुर्ची पुढे ओढली, चेहरा कॅमेऱ्याजवळ आणला, सगळा पडदा भरून. "बघ आई. हवं तेवढं बघ. मी हलत नाही."

आणि तो खरंच हलला नाही. त्याच्या मागे फोन वाजला, कुणी दार ठोठावलं. ती मान इकडून तिकडे करत त्याला बघत राहिली. मध्येच म्हणाली, "कानापाशी पांढरे झालेत की रे तुझे! ही मंदी मला बोलली नाही." तो रडता-रडता हसला. मी उठले आणि दार ओढून घेऊन घरी आले. मला तिथे काही काम नव्हतं.

त्याने एप्रिलचं तिकीट काढलं होतं. त्याआधीच, मार्चमध्ये, ती दुपारी झोपली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तो दुसऱ्या दिवशी पोचला. त्याच्यासाठी सगळं थांबवून ठेवलं होतं.

दिवस झाल्यावर तो माझ्याकडे जेवायला आला. वरण-भातावर शेव घेतली, पण नुसती चिवडत बसला. मग म्हणाला, "काकू, संक्रांतीला तिने मला पोटभर बघितलं ना? पुरलं का हो तिला?"

आजवर त्या दोघांत मी बरंच गोड करून सांगितलं होतं. या वेळी नाही जमलं. म्हणाले, "नाही रे. नाही पुरलं. त्या रात्री मला म्हणाली, दमला असेल म्हणून सोडला, नाहीतर अजून बसवला असता."

त्याने मान हलवली. आणि मग तो जेवला.