पालखीच्या आधीचा घास

शिमग्यात देवीची पालखी अंगणात येऊन तिची ओटी भरेपर्यंत आमच्या घरातली बाई तोंडात काही घालत नाही. मला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "तुला नाही जमायचं आता. या वर्षी ओटी मी भरते." लग्न झाल्यापासून ओटी मीच भरत आले होते. मी म्हटलं, मीच भरणार.

डॉक्टरांनी बजावलं होतं, ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन टोचायचं नाही. पण मी सगळं कागदावर मांडणारी बाई. पालखी अकराला, ओटी सव्वाअकराला, जेवण साडेअकराला, असं लिहून मी अकराला टोचून मोकळी झाले. पालखी शेजारच्या वाडीतच रेंगाळली. साडेबाराला यंत्रावर साखर अठ्ठावन्न दिसली. कमरेच्या बटव्यात साखरेच्या पुड्या होत्या. मी बटवा पुन्हा खोचला आणि देवीला म्हटलं, आता तूच सांभाळ. त्याला मी तेव्हा श्रद्धा समजत होते. खरं तर जाऊबाईंपुढे मला हरायचं नव्हतं.

पालखी अंगणात आली तेव्हा ओटीचं ताट माझ्या हातात थडथडत होतं. अंग घामाने भिजलेलं, नजर एका जागी खिळलेली. ढोल वाजत होते. कुणीतरी ओरडलं, "बाईच्या अंगात आलं!" जाऊबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडून विचारलं, "आई, काय चुकलं आमचं?" इतक्या मऊ आवाजात त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. शेजारणीने मुलीच्या लग्नाचंही विचारून घेतलं. मला सगळं ऐकू येत होतं, पण जीभ वळत नव्हती.

राजापूरची एसटी चुकली म्हणून ढोलाच्या आवाजाने एक बाई दर्शनाला आली होती. गर्दी सारत ती पुढे आली. "अंगात नाय आलेलं. साखर उतरलीय हिची. माझ्या नवऱ्याची अशीच उतरते." नैवेद्याच्या ताटातला गूळ उचलून तिने माझ्या तोंडात घातला.

"अहो, नैवेद्य आहे तो," जाऊबाई म्हणाल्या. "देवीला दाखवायचाय अजून."

"बघतेय ना ती," बाई म्हणाली आणि दुसरा खडा भरवला.

पाव तासाने साखर वर आली. मी भात खाल्ला, मग ओटी भरली. तोवर ती बाई पुढची गाडी पकडायला निघून गेली होती. मी घरातल्या डब्यांचीही यादी ठेवते, पण तिचं नाव माझ्याकडे कुठेच नाही.

नैवेद्य उष्टा झाला, असं जाऊबाई अजून म्हणतात. म्हणू देत. मी देवीला सांभाळ म्हटलं आणि तिने सांभाळलं, तेही स्वतःच्या ताटातून. तो घास परत सारण्याइतकी मी मोठी नाही.

यंदाही पालखीला उशीर झाला. मी ताट वाढून घेतलं, मग टोचलं आणि सगळ्यांदेखत पोटभर जेवले.

"जेवलीस?" जाऊबाईंनी विचारलं.

"जेवले."

"देवीच्या आधी?"

"आधी."

मग पदर सावरून मी ओटीचं ताट उचललं. पालखी पुढ्यात आली तेव्हा तिच्याकडे बघून मनातल्या मनात हात जोडले. खरे हात ताटाला होते, आणि ते स्थिर होते. ओटीतला तांदळाचा एक दाणाही सांडला नाही.