उठून जायची सवय

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे नेमकं काय मिळतं, हे कोणी सरळ सांगत नाही. मी भंगाराच्या लिलावापासून सुरुवात करून भोपाळजवळ मंडीदीपला स्वतःचं वर्कशॉप उभं केलं आहे, आणि माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय कधी व्यवहार केलेला नाही. इथे माल दिसत नाही, वॉरंटी नाही, आणि काम कधी पूर्ण होईल असं विचारलं तर समोरची बाई शांतपणे म्हणते, "ते आपण दोघं मिळून बघू."

मी काही हौसेने गेलो नव्हतो. मला मुलीने पाठवलं, आणि तेही स्वतः न बोलता, तिच्या आईमार्फत.

मुलगी इंजिनिअर. शिकून माझ्याच वर्कशॉपमध्ये बसायला लागली आणि मला बरंही वाटलं. एका जुन्या कंपनीच्या कामाचा भाव मी कित्येक आठवडे ताणून धरला होता. त्यांचा खरेदीवाला मऊ पडत आला होता. अशात मला एका लग्नासाठी नागपूरला जावं लागलं, आणि तेवढ्यात हिने त्याने सांगितलेल्या दराला होकार देऊन टाकला. परत आलो तर तो खरेदीवाला मला फोनवर म्हणतो, बिटिया सीधी बात करती है, आता आम्ही तिच्याशीच बोलत जाऊ. माझ्याच जागेत, माझ्याच गिऱ्हाइकाने मला हे ऐकवावं?

त्या रात्री जेवताना मी वर्कशॉपच्या किल्ल्या तिच्या ताटाशेजारी ठेवल्या. म्हणालो, "उद्यापासून तूच सांभाळ. मी येत नाही." आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो. आत ती जेवत राहिली. सकाळी किल्ल्या माझ्या पेपरवर ठेवलेल्या होत्या, आणि महिनाभरात ती इंदूरला नोकरीला लागली. आईला म्हणाली, बाबांना माझ्यासोबत काम करायचं नाही. तेव्हापासून माझा फोन उचलत नव्हती. दिवाळी जवळ आली तेव्हा तिचा निरोप आला, की बाबांनी आधी कोणाशी तरी बसून बोलावं, मग माझ्याशी. तोवर मी घरी येणार नाही.

बायकोने दहा नंबर स्टॉपजवळची ही समुपदेशक शोधून काढली. मराठी आहे, तुम्हाला बरं पडेल, म्हणाली. मी आधी नुसता तिथे जाऊन इमारतीखालच्या तिच्या पाटीचा फोटो काढून बायकोकरवी मुलीला पाठवला आणि तसाच घरी आलो. उत्तर एका ओळीचं होतं. "पाटीशी नाही, माणसाशी बोला." हिला एवढं कळतं, मग भाव ताणायचा कळत नाही?

तर पुढच्या आठवड्यात जिना चढलो. दाराबाहेर चपला काढायच्या. मग एक फॉर्म, त्यात झोप कशी लागते, भूक कशी आहे, घरात आणखी कोणाला काही त्रास होता का. 'इथे येण्याचं कारण' या रकान्यात मी 'मुलगी' एवढंच लिहिलं. आतली खोली लहान, दोन खुर्च्या समोरासमोर नाहीत, जरा तिरप्या. टेबलावर कागदी रुमालांचा डबा. म्हणजे इथे रडायचं असतं, हे आधीच ठरलेलं. मी तो डबा उचलून खिडकीत ठेवला.

बाई माझ्या मुलीहून फार मोठी नसावी. बरखेड्याला, कारखान्याच्या क्वार्टरांत वाढलेली. तिचं मराठी इथल्या मराठी घरांत असतं तसं, मधेमधे हिंदी सांडलेलं. मी लगेच तो धागा धरला. भोपाळात मराठी माणसाशी सौदा करायचा तर आधी ओळख काढायची. बाबा कोणत्या डिपार्टमेंटला, गाव कोणतं, गणपतीत कुठे जायचात. दोन ओळखी जुळल्या की समोरचा निम्मा नमतो. मी म्हणालो, आमचे वडील शिवाजी नगरात सरकारी क्वार्टरात होते, म्हणजे तुम्ही-आम्ही घरचेच. तिने हसून मान हलवली आणि फी, वेळ, सगळं जिथल्या तिथे ठेवलं. इथे बोललेलं बाहेर जात नाही, म्हणाली. जिवाला धोका वाटला तरच घरच्यांना कळवते. एका भेटीत काही होत नाही, पहिल्या काही भेटी एकमेकांना समजून घेण्यात जातात.

मी विचारलं, "मग या भेटीत मला काय मिळणार?"

"तुम्हाला काय हवंय?"

हा प्रश्न मी गिऱ्हाइकांना विचारतो. तो कोणी मला विचारलेला चालत नाही. तरी सांगितलं सगळं. खरेदीवाला, नागपूर, किल्ल्या. ती ऐकत राहिली. मुलगी चुकली, असं म्हणाली नाही. मी चुकलो, असंही नाही. मी सरळ विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? ती म्हणाली, माझा सल्ला सांगण्यापेक्षा त्या रात्री ओट्यावर तुम्ही काय करत होता, ते मला ऐकायचंय.

माझं डोकं फिरलं. इथे आता माझी एक पद्धत सांगायला हवी. सौदा अडला की मी उठतो. चहा अर्धा सोडतो, मोबाईल उचलतो, "राहू द्या, आपलं जमायचं नाही" म्हणतो आणि दाराकडे निघतो, सावकाश. दारापर्यंत पोहोचायच्या आत मागून हाक येते, अरे भाईसाब, बैठिए तो. लिलावात, बँकेत, न्यू मार्केटच्या चादरवाल्याकडे, सगळीकडे आलेली आहे. चादरवाल्याकडे तर बायको माझ्या आधी उठते.

मी उठलो. म्हणालो, "राहू द्या, आपलं जमायचं नाही. मी निघतो."

ती म्हणाली, "ठीक आहे. परत यावंसं वाटलं तर मी आहे."

दार माझं मलाच उघडावं लागलं. बाहेर बाकावर बसून सँडलचा पट्टा लावला. सोडला. पुन्हा लावला. आतून फक्त पंख्याचा आवाज. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, अंकल, पुढची तारीख देऊ का? मी तिला पाणी मागितलं. पाणी संपलं तरी कोणी बोलावलं नाही. जिन्यापर्यंत गेलो, कठड्याला हात लावला, आणि इतका संताप आला की सँडल काढून सरळ परत आत गेलो. बाई होती तिथेच बसलेली. माझी वेळ अजून संपली नव्हती म्हणे.

"तुम्ही बोलावलं का नाही?"

"तुम्ही निघतो म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला जायचंय."

"जायचं असतं तर एवढा वेळ लागतो का माणसाला? पोरीनेही हेच केलं. मी ओट्यावर उभा, आणि ती आत गपचूप जेवतेय."

"तुम्ही तिच्या हाकेची वाट बघत होता, हे तिला माहीत होतं?"

"माझी मुलगी आहे. कळायला नको?"

मी खिडकीकडे बघत बसलो, तिथे तो रुमालांचा डबा होता. तो परत टेबलावर ठेवायचा असेल तर ठेवा, असं मी तिला म्हणालो. उरलेला वेळ मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण तिने पुढचा बुधवार विचारला तेव्हा मी घासाघीस केली नाही.

संध्याकाळी बायकोने इंदूरला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

मुलगी म्हणाली, "बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाल्या त्या?"

"काही म्हणतच नाहीत. तोच तर वैताग आहे."

ती हसली, फार नाही. मग बोलणं अडलं. अशा वेळी मी "बरं, ठेवतो" म्हणतो, म्हणजे समोरचा 'थांबा' म्हणतो. तोंडाशी आलंही होतं.

"ठेवू नकोस अजून," मी म्हणालो.

"नाही ठेवत, बाबा."

मग मी सांगितलं, की तो भाव तू चुकीचाच दिलास, माणूस अजून आठवडाभरात वाकला असता. ती म्हणाली, वाकला नसता, तो दुसऱ्याकडे चालला होता, आणि हे मी तुम्हाला त्याच रात्री सांगणार होते, पण तुम्ही किल्ल्या ठेवून निघून गेलात. मी म्हणालो, कोण दुसरा, गोविंदपुऱ्याचा वर्कशॉपवाला? त्याच्याकडे मशीन तरी आहे का धड? ती म्हणाली, आहे, मी बघून आले होते.

त्यावरून आमचं जे जुंपलं, ते बायकोने ताटं घेतली तरी चालूच होतं. तिने फोन स्पीकरवर टाकून माझ्या ताटाशेजारी ठेवला.