वच्छलाबाईचं विरजण

"मायं इरजन वीस वर्सांत कधी नासलं नाई," असं वच्छलाबाई सांगायची. कपाशीनं दगा दिलेल्या वर्षांत धामणगावातलं घर तिनं विकलेल्या दह्यानंच तगवलं. पण नातीला दूध चालत नसे; लगेच अंगावर गांधी उठायच्या.

अकोल्याच्या शेतकी मेळाव्यात एक बाई म्हणाली, की दह्यातले काही जंतू शरीराला अन्नाशी उगाच भांडू नये हे शिकवत असावेत. अॅलर्जी त्यानं कमी होतही असेल. दूध वेगळं, दही वेगळं, असं धरून वच्छलाबाईनं नातीला बोटभर दही चाटवलं.

आता दवाखान्यात पोरीचे ओठ सुजले होते, श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"काय खाल्लं हिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काईच नाई," सून दामिनी म्हणाली.

खरं बोललं तर दामिनी नातीला पुन्हा मांडीवर देणार नाही, हे वच्छलाबाईला कळत होतं.

"दही," वच्छलाबाई म्हणाली. "म्या चारलं."

डॉक्टरांनी सुई टोचली. हळूहळू शिट्टी थांबली, तेव्हा वच्छलाबाईनं मेळाव्यात ऐकलेलं त्यांना सांगितलं.

"जंतूंचं अजून तपासणं चालू आहे, आजी. पण दही म्हणजे दूधच ना!" डॉक्टर म्हणाले.

"मले इचारलं असतं तर जीभ झडली असती काय, आत्याबाई?" दामिनी म्हणाली.

वच्छलाबाईनं नातीचा हात हलकेच गादीवर ठेवला, दामिनीला जागा करून दिली आणि ती बाहेर पडली.